एक्सप्रेस, ड्रायव्हरकाका आणि मी

मित्रांनो, तुम्ही मला दवाखान्याच्या दारात कधीतरी पाहिले असेल, पण माझ्याकडे नीट बघितले नसेल. त्यात तुमची काही चूक नाही. माझी गरज आपल्याला पडू नये असेच प्रत्येकाला वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. लोक मला व्हीलचेअर म्हणतात. माझ्यात बसून किती माणसे गेली याचा हिशेब मी कधी ठेवला नाही, पण काही माणसे मनातून जात नाहीत. त्यांतल्या दोघांबद्दल मला तुम्हाला सांगायचे आहे.

त्याआधी थोडे माझ्याविषयी. माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राने माझ्या नळ्या वाकवल्या, कुणी त्या जोडल्या, कुणी त्यांना चकचकीत मुलामा दिला. शेवटी एका बाईंनी माझी चाके बसवली. त्या प्रत्येक चाक हाताने गरगर फिरवायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. चाक कुरकुरले नाही की समाधानाने पुढच्या खुर्चीकडे वळायच्या. मला सगळ्यात आधी कुणी लक्ष देऊन ऐकले असेल तर त्या बाईंनी.

तिथून मी एका मोठ्या इस्पितळात गेले. हाडे मोडलेल्या माणसांना एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे, हे माझे काम. तेव्हा माझा मोठा मान होता. घाईच्या वेळी दोन वॉर्डबॉय माझ्यासाठी भांडायचे. पुढे हलक्या, नव्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखालच्या अडगळीत ढकलले गेले. तिथे माझ्या दांड्यांवर ओले पोछे वाळत पडायचे. माझी बैठक फाटली, चाकांतली हवा गेली, एका ब्रेकला गंज चढला. मित्रांनो, उभे राहता न येणाऱ्यांना मी आयुष्यभर आधार दिला होता, आणि आता मलाच जागचे हलता येत नव्हते. ते दिवस फार लांबले.

एक दिवस मला टेम्पोत घालून एका बैठ्या घरात आणले. म्हाताऱ्या, आजारी माणसांची तिथे काळजी घेतली जायची. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि व्हरांड्यातून अंगणात उतरायला पायऱ्यांऐवजी सिमेंटचा उतार. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी माझा गंज खरवडून घेतला, चाकांत हवा भरली, बैठकीला एक कच्चा टाका घालून घेतला आणि मला एका खोलीसमोर उभे केले. त्या खोलीत ड्रायव्हरकाका राहायचे.

काकांनी सारी नोकरी बस चालवण्यात घालवली होती. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणे मात्र शाबूत होते. त्यांनी मला पाहिले आणि म्हणाले, "हिला ना हॉर्न, ना आरसा. आणि चालवणार दुसरंच कुणीतरी. माझ्यावर काय वेळ आली बघा." तरी त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

काही महिन्यांनी एक मुलगी आली. नुकतीच शाळा संपलेली, काटकुळी, आणि चालणे असे की जणू मागे कुणी लागले आहे. तिला नर्स व्हायचे होते. पण नर्सिंग शाळेतल्या बाईंनी तिला सांगितले होते, की आधी कुठेतरी माणसांची सेवा करून बघ. आवडले, झेपले, तर अर्ज घेऊन ये. म्हणून ती मदतनीस म्हणून इथे लागली होती. अंथरुणे बदलायची, भरवायचे, आंघोळ घालायची, फिरवायचे. तिच्या आईला हे मुळीच पटले नव्हते. आई शिवणकाम करायची, आणि मुलीने हे असले काम करावे याचा तिला राग होता.

पहिल्याच सकाळी ती काकांना माझ्यात बसवून भरभर निघाली आणि तशीच उतारावर आली. माझे तोंड खाली, काकांचा तोल पुढे. त्यांचा लुळा पाय पायपट्टीवरून निसटला आणि ते घसरले. तिने मागून त्यांची कॉलर धरली, मी ब्रेकचे दात रोवले, आणि आम्ही तिघे कसेबसे थांबलो. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

काका रागावतील असे मला वाटले. त्यांनी शर्ट सारखा केला आणि विचारले, "नाव काय गाडीचं? एक्सप्रेस?"

"सॉरी काका," ती कशीबशी म्हणाली.

"सॉरी नंतर. आधी मला उलटं फिरव. तू मागं सरत उतरायचंस, मी तुझ्याकडं पाठ करून मागून येणार. म्हणजे माझं वजन सीटवर राहतं, नाकावर जात नाही. आणि वळायच्या आधी तोंडानं सांगायचं. प्रवाशाला काय, दिसत असतं सगळं, पण तुझ्या मनात काय आहे ते दिसत नाही."

तेव्हापासून घरात तिचे नाव एक्सप्रेस पडले. ती रोज उतारावर उलटी चालू लागली. "काका, डावीकडं वळतेय," "काका, उंबरा आलाय," असे सांगू लागली. काका मधूनच "रस्ता मोकळा," असे म्हणून परवानगी द्यायचे.

सगळेच इतके सोपे नव्हते. त्याच आठवड्यात तिला एका आजींचे खराब झालेले अंथरूण बदलायला लावले. ती आत गेली आणि तोंड दाबून बाहेर पळाली. अंगणाच्या कोपऱ्यात तिला उलटी झाली. मग येऊन ती माझ्यात बसली, कारण व्हरांड्यात दुसरे काही नव्हते. मोठ्या सिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"मला नाही जमणार हे," ती म्हणाली. "आई म्हणते तेच खरं."

"आज नाही जमलं," सिस्टर म्हणाल्या. "मलाही पहिल्यांदा नव्हतं जमलं. आजींना आता स्वच्छ केलंय, त्या तुझी चौकशी करताहेत. पोरगी बरी आहे का म्हणून."

तांब्यातले पाणी पिऊन ती उठली. मग तिने तोंड धुतले आणि ती आजींच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येईल की नाही याची मला काळजी लागली होती. ती आली. नाकाला रुमाल न लावता काम करायला तिला पुढे कितीतरी दिवस लागले, पण ती येत राहिली.

काकांचा एक जुना सोबती होता, त्यांच्याच बसवरचा कंडक्टर. तो आणि इतर निवृत्त मंडळी रोज दुपारनंतर बसस्थानकामागच्या बागेत बसायची. काकांनी आजारपणानंतर तिकडे पाऊल टाकले नव्हते. एक्सप्रेसने एकदा विचारले, "जायचं का काका?"

"या खुर्चीत बसून? त्या लोकांपुढं?" काका म्हणाले. "मी तिथं बस घेऊन जायचो."

तिने विषय सोडून दिला. पण पंधरवड्यानंतर काकांनीच दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट मागितला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "हवा बरी आहे आज."

तिला लगेच उमगले. ती सिस्टरांकडे धावली. सिस्टरांनी हो म्हटले, एका पिशवीत जादा कपडे आणि एक चादर घालून दिली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत परत यायला बजावले.

मित्रांनो, रस्त्यावर निघायची माझीही ती कितीतरी वर्षांनी पहिलीच वेळ. पदपथ मध्येच संपत होता, गटाराची झाकणे वर आली होती, आणि माझे पुढचे चाक प्रत्येक फटीत अडकत होते. एक्सप्रेसला घाम फुटला. काका मात्र रंगात आले. "ब्रेक. आता क्लच. घे उजवीकडून," असे म्हणत त्यांनी आम्हाला बागेपर्यंत नेले.

मंडळी उठूनच उभी राहिली. कंडक्टरने बाकावरची आपली जागा सोडली आणि माझ्या शेजारी गवतावर बसकण मारली. "इतके दिवस गाडी डेपोतच लावून ठेवली होती होय रे," तो म्हणाला. मग काय, जुन्या गोष्टींना ऊत आला. घाटात बंद पडलेली बस, तिकीट चुकवायला बाकाखाली लपलेला धिप्पाड माणूस. काका इतके हसले की माझ्या नळ्या हलल्या.

आणि एकाएकी त्यांचे हसणे थांबले.

मला सगळ्यांच्या आधी कळले, कारण माझी बैठक ओली झाली. आजारामुळे कधी कधी काकांना आवरता येत नसे. त्यांचा चांगला हात माझ्या दांडीवर घट्ट आवळला गेला. समोर सगळे मित्र, कंडक्टरची गोष्ट अजून चालूच होती. काकांनी मान वर केली नाही.

एक्सप्रेस मागे उभी होती. तिला तो हात दिसला. तिने शांतपणे पिशवीतून चादर काढली. "काका, वारा सुटलाय," म्हणत त्यांच्या कमरेपासून पायापर्यंत ती नीट पांघरली. कंडक्टरची गोष्ट संपेपर्यंत थांबली. गोष्टीला हसली सुद्धा. मग मंडळींना म्हणाली, "तुम्हा सगळ्यांची माफी मागते, पण आम्हाला निघायला हवं. उशीर केला तर सिस्टर मलाच ओरडतील. नवीन आहे ना मी."

"अरे, पोरीची नोकरी घालवू नका," कंडक्टर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात ये रे."

काकांनी हात वर केला.

परतीच्या वाटेवर कुणी ब्रेक म्हटले नाही की क्लच. बरेच पुढे आल्यावर काकांनी विचारले, "कळलं का त्यांना?"

"काय कळायचंय?" ती म्हणाली. "तुम्हाला गार वाजत होतं."

"तुला वास आला असेल."

ती थांबली. पुढे येऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "खरं सांगू काका? माझं लक्षच नव्हतं. ती मंडळी काय बघताहेत, तिकडंच लक्ष होतं माझं."

काकांचे डोळे भरून आले. घरी पोहोचल्यावर तिने त्यांना पुसले, कोरडे कपडे घातले आणि चहा दिला. नंतर मलाही अंगणात नेऊन साबणाने धुतले. पुढच्या आठवड्यात काकांनी पुन्हा दाढी करून घेतली, आणि मग बागेत जाणे हा आमचा नेमच झाला.

अर्ज करायची वेळ जवळ आली तशी एक दिवस तिची आई आली. मुलीची सुटका करावी, असे ठरवूनच आली होती. तिला व्हरांड्यात स्टूल देऊन बसवले होते. तिने पाहिले, की आपली मुलगी एका आजींना चमच्याने पेज भरवते आहे आणि प्रत्येक घासाआधी त्या गिळेपर्यंत थांबते आहे. घरी दोन घासांत जेवण उरकणारी ही मुलगी. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने माझ्या बैठकीवरून बोटे फिरवली.

"ही शिवण कुणी घातली?" तिने सिस्टरांना विचारले. "दोरा कुजलाय. माणूस पडेल यातून."

मुलीला घेऊन जायला आलेली आई माझी बैठक काढून घेऊन गेली. दोन दिवसांनी तिने जाड कॅनव्हासची नवी बैठक आणून दिली, कडेला दुहेरी शिलाई घातलेली. मुलीबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही. तेवढ्याने एक्सप्रेसला काय ते समजले.

नर्सिंग शाळेत तिची मुलाखत झाली. परत आल्यावर ती माझ्या चाकांत हवा भरता भरता काकांना सारे सांगत होती. "बाईंनी विचारलं, इतक्या महिन्यांत सगळ्यात मोठं काय शिकलीस? मी उताराचं सांगितलं. उलटं कसं उतरायचं ते."

"बस्स?" काकांनी विचारले. "आणि बागेतलं?"

ती पंप मारत राहिली. "ते तुमचं आहे काका. ते मी कशाला सांगू?"

काकांनी आपला चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला. थोड्या दिवसांनी तिला प्रवेश मिळाल्याचा फोन आला, तेव्हा ही बातमी त्यांनी घरभर सांगितली, जणू त्यांचीच निवड झाली होती.

तिच्या जागी एक बाई आल्या. आधी खानावळीत स्वयंपाक करायच्या; आता वय वाढल्यावर हे काम शिकायला निघाल्या होत्या आणि जरा घाबरलेल्या होत्या. त्यांना काय शिकवावे याचा एक्सप्रेसने थोडा विचार केला, आणि मग ती स्वतःच माझ्यात बसली. "ताई, मला फिरवा," ती म्हणाली. ती उतारावरून गेली, व्हरांड्यातून गेली. वाटेत सिस्टर भेटल्या, माळी भेटला, दोघेही तिच्या डोक्यावरून ताईंशीच बोलले. ती खुदकन हसली. "इथून सगळ्यांची नुसती पोटंच दिसतात हो," ती म्हणाली. "चेहरा बघायचा तर मान मोडून घ्यावी लागते."

हे ऐकून ताई समोर आल्या, खाली बसल्या आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "कुठं जायचंय तुम्हाला?"

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. तरी मी सुखात आहे. बैठक पक्की आहे, चाके फिरतात, आणि काकांना बागेत घेऊन जायला ताई आहेत. मला तुमच्याकडे एकच मागायचे आहे. तुमच्या घरात, शेजारात माझी एखादी बहीण असेल, तर तिच्या चाकांना तेल द्या, तिच्यावर कपडे वाळत घालू नका. आणि तिच्यात कुणी बसलेले असेल, तर त्यांच्याविषयी मागच्या माणसाला विचारू नका. जरा पुढे या, गुडघे टेका आणि त्यांनाच विचारा.