हात दाखवा, जीप थांबवा

हरिसिंग राठोडची जीप उभ्या जन्मात कधी वेळेवर सुटली नाही. दारव्हा ते यवतमाळ ही तिची फेरी, आणि सुटायची वेळ म्हणजे शेवटची सवारी बसेल ती. "पाच मिनटात निघून राह्यलो," हे तो पाऊण तास सांगायचा. पुन्हा रस्त्यात कोणी हात दाखवला की ब्रेक लागलाच. म्हातारी असो, बकरी धरून उभा असलेला असो, आत मुंगी शिरायला जागा नसो, हरिसिंग थांबणारच. "हात दाखवला त्याले सोडून जानं म्हंजे पाप," असं तो म्हणायचा. पापाइतकीच भाड्याचीही काळजी त्यात होती, पण थांबायचा हे खरं.

असा माणूस पन्नाशीला टेकल्यावर पहाटे पळायला आणि सेकंद मोजायला लागला, तेव्हा सगळा तांडा पोट धरून हसला.

पळणं सुरू झालं ते पोरीमुळं. रंजिता, एकुलती एक. शाळेतून येताना ती तांड्याच्या फाट्यावर दप्तर पायाशी टाकून उभी राहायची आणि बापाची जीप दिसली की टाचा उंचावून, हात सरळ वर करून ओरडायची, "ओ डायवर! एक सवारी!" हरिसिंग तोंड गंभीर करून गाडी थांबवायचा. "कुठं जाचं, बाई?" "तांड्यावर. पैसे नाही पन." "मंग बस टपावर." हा खेळ दोघांनी शेकडो वेळा खेळला असेल, आतल्या सवाऱ्या कंटाळल्या, हे दोघं कंटाळले नाहीत.

बारावीनंतर रंजितानं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे रस्त्यावर पळायला एकटी पोरगी कशी धाडायची? लीलाबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमी जा मांगं मांगं." आधी तो दिवे लावून जीप मागं न्यायचा. त्यात डिझेल जळायला लागलं तसा खाली उतरला आणि चपलेवरच पळू लागला. महिन्याभरात पोट आत गेलं, सहा महिन्यांत तो पोरीपेक्षा लांब जायला लागला. तिचं आठशे मीटरचं काम संपलं की ती पुलाच्या कठड्यावर बसून बापाची वेळ लावायची.

"बा, तुह्यात लय दम हाय," ती एकदा म्हणाली. "यवतमाळले दरसाल ते अर्ध मॅरेथॉन असते. एकवीस किलोमीटर. तू दोन तासाच्या आत काढशीन."

"अन् नाही निघालं तं?"

"निघते. मी वर्दी घालून येईन पाहाले."

त्या वर्षी भरतीच्या मैदानावर रंजिताचे दोन सेकंद जास्त लागले. दोनच. एका मार्कानं नाव गेलं. हरिसिंगनं काय केलं, तर दोन वर्षांची झोपमोड, लोकांचं हसणं, सगळं त्या दोन सेकंदांवर काढलं. सगळ्यांसमोर ओरडला, "तुह्यापायी म्या रस्त्यानं कुत्र्यावानी पळालो!" परतताना बोरीच्या पुलावर जीप थांबवून त्यानं तिचे बूट अडाण नदीत भिरकावले. आठ दिवसांत दिग्रसकडचं स्थळ ठरवून आला. पोरगी पिशवी घेऊन मावशीकडे निघून गेली. हरिसिंगनं तांड्याच्या पारावर बसून सांगितलं, "मले पोरगी नाही."

पुढच्या वर्षी ती लागली. पेढे आले, त्यानं तोंडाला लावले नाहीत. तिची नेमणूक कुठं झाली तेही विचारलं नाही. लीलाबाई परसात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायची, आणि तो आला की फोन पदरात जायचा. घरात त्या पोरीचं नाव निघत नसे.

पण पाय कुठे ऐकतात? पहाटे साडेचारला ते आपोआप खाटेवरून खाली यायचे. हरिसिंग पळायचा. पळता पळता कितीतरी वेळा त्याला वाटलं, फोन करावा. चुकलो म्हणावं. पण "चुकलो" हा शब्द त्याच्या घराण्यात कोणी पुरुषानं बायको-पोरांपुढं उच्चारला नव्हता, त्याच्यानंही होईना. मग त्यानं आपल्यापुरता एक तोडगा काढला. दोन तासांच्या आत एकवीस किलोमीटर काढायचं आणि फोन करून तेवढंच सांगायचं. एक तास एकोणसाठ मिनिटं. पोरगी हुशार आहे, बाकीचं समजून घेईल. तीन वर्षं तो या एका आकड्यासाठी झिजला. पहिल्या साली सव्वादोन तास लागले, दुसऱ्या साली दोन तास चार मिनिटं. फोन काही झाला नाही.

तिसऱ्या साली, माघातल्या थंडीत, लीलाबाईनं त्याच्या बनियनला नंबराचा कागद टाचला. टाचणी लावता लावता म्हणाली, "आज जरा इकडंतिकडं पाहून पळजा. कोनी हात दाखवला तं थांबजा."

"पळाले चाललो की सवाऱ्या भराले?" तो खेकसला. तिला आणखी बोलायचं होतं. पण बोलायचं तर ते नाव घ्यावं लागलं असतं. तिनं टाचण्या तोंडातच धरल्या.

स्पर्धा यवतमाळच्या मैदानावरून दारव्हा रोडनं जाऊन परत, अशी होती. हा रस्ता हरिसिंगला खड्ड्यासकट पाठ. पाठीला झेंडी लावलेला एक पोरगा मागच्यांना वेग दाखवत बरोब्बर दोन तासांत पोचवणार होता. हरिसिंगनं त्याची पाठ धरली. दहा किलोमीटर सुरेख गेले. वळून परत निघाल्यावर पंधराव्याला उजवी मांडी धरली, झेंडी पन्नास पावलं पुढं गेली, पण त्यानं ती नजरेआड होऊ दिली नाही. अठराचा फलक आला तेव्हा घड्याळात एक तास बेचाळीस मिनिटं झाली होती. तीन किलोमीटर आणि थोडं राहिलं होतं. हिशेब जुळत होता, पण हातात जेमतेम अर्धं मिनिट उरत होतं.

पुढं लोहाऱ्याजवळच्या चौकात बॅरिकेड लावले होते. एक पोलीस बाई ट्रॅक्टर आणि ऑटो अडवून उभी होती. हरिसिंगला आधी नुसती खाकी दिसली. मग तिनं गाड्यांकडचा हात खाली घेतला, त्याच्याकडे वळली, टाचा उंचावल्या आणि हात सरळ वर केला.

"ओ डायवर! एक सवारी!"

चेहरा भरला होता. केस टोपीखाली गेले होते. पण तो हात त्याला अंधारातही ओळखू आला असता.

हरिसिंगच्या उजव्या पायानं ब्रेक शोधला, अगदी खरोखर. आणि त्याच क्षणी डोळे घड्याळावर गेले. एक बेचाळीस वीस. आता थांबलो तर गेलं, त्याच्या मनात आलं. तीन वर्षं गेली, आणि पोरीच्या हातावर काय ठेवू? मोकळ्या हातानं कसा उभा राहू तिच्यापुढं? सतरा मिनिटांचा प्रश्न आहे. आकडा घेऊन येतो, मग थांबतोच थांबतो. त्याला "आलोच" म्हणायचं होतं. दम पुरला नाही. घशातून नुसती घरघर निघाली. मान वळवली तर पाय थांबतील या भीतीनं त्यानं मानही वळवली नाही. तो तिच्या हाताखालून निघून गेला.

मागून पुन्हा हाक आली. "बा!"

त्यानं ती ऐकली. आता कोणीही म्हणेल, असा कसा बाप? म्हणा. त्याला त्या वेळी वाटत होतं की तो पोरीसाठीच पळतो आहे.

एक तास एकोणसाठ मिनिटं अडतीस सेकंद. कोणीतरी गळ्यात पदक घातलं, कोणी केळं पुढं केलं. हरिसिंगनं केळं घेतलं नाही, तो तसाच उलट फिरला. ऑटो मिळेना, रस्ता अजून बंद होता. धरलेल्या मांडीनं तो तीन किलोमीटर लंगडत चालला. वाटेत घड्याळ पुन्हा पुन्हा बघत होता, आकडा पुसला तर गेला नाही ना म्हणून. आणि काय बोलायचं तेही जुळवत होता. आधी आकडा सांगायचा. मग बूट नवीन घेऊन देतो म्हणायचं. मग जमलं तर तो शब्दही.

चौकात गाड्या भरधाव सुरू झाल्या होत्या. एक वयस्क होमगार्ड बॅरिकेड एकाला एक बांधत होता.

"इथं एक पोलीस बाई होती," हरिसिंग म्हणाला. "राठोड."

"राठोड मॅडम? गेल्या त्या. शेवटचा पळनारा गेला अन् पॉइंट सुटला."

"कुठं गेल्या?"

"ते नाही मालूम, बाप्पा. बाहेरच्या ठाण्यातून आलत्या बंदोबस्ताले. त्याईचा पॉइंट तं मैदानावर होता, सावलीत. हा मांगून घेतला त्याईनं. माहा बा येनार हाय पळत, म्हने. सकाळपासून दहादा सांगतलं मले. काका, गाडीत सतरा सवाऱ्या असो, हात दाखवला की माहा बा थांबतेच."

"मंग? आला काय बाप?"

"एक जन आलता तसा. मॅडमनं हात दाखवला, आवाज देल्ला. तो गेला निघून, पाह्यलं बी नाही." होमगार्डानं दोरीची गाठ आवळली. "मी म्हनलं, मॅडम, हाच काय? तं म्हनल्या, नाही काका. तो माहा बा नव्हता. माहा बा थांबला असता."

हरिसिंगनं मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातानं झाकलं.

"तुमी कोन त्याईचे?" होमगार्डानं विचारलं.

"डायवर," हरिसिंग म्हणाला.

दारव्ह्याकडे निघालेली लखनची जीप आली. लखन त्याच्याच स्टँडवरचा. पदक बघून ओरडला, "वा रे हरिभाऊ! बसा, मांगं एक शीट हाय." तो बसला. खिशातला फोन वाजला. लीलाबाई होती. वेळ किती लागला ते तिनं विचारलंच नाही.

"थांबले ना तुमी?" ती म्हणाली. "भेटली ना रंजी?"

तीन वर्षांनी ते नाव मोठ्यानं घेतलं गेलं होतं. तिकडून "अवो? अवो?" असं येत राहिलं. त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला.

पुढच्या फाट्यावर कॉलेजची पिशवी खांद्याला लावलेली एक पोरगी उभी होती. जीप दिसताच तिनं हात वर केला. लखननं पंजा हलवून जागा नाही अशी खूण केली आणि गाडी तशीच पुढं काढली. हरिसिंगनं टपावर दोन्ही हातांनी धपाधप मारलं.

"थांबव! थांबव, लखन!"

"जागा कुठं हाय, हरिभाऊ?"

"थांबव म्हनतो ना बे!"

पन्नास पावलं पुढं जाऊन जीप थांबली. हरिसिंग मांडी धरून खाली उतरला. पोरगी धापा टाकत पळत आली. त्यानं तिला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागच्या पायरीवर चढला.

"एका सवारीसाठी कायले एवढं?" लखन पुढून म्हणाला.

"मले तं वाटलं, गेली गाडी," पोरगी म्हणाली.

हरिसिंगनं वरचा दांडा घट्ट धरला. दारव्हा येईपर्यंत तो पायरीवर उभा राहून रडत होता, आणि गळ्यातलं पदक दर खड्ड्याला पत्र्यावर वाजत होतं.