गरुडाखालची फुली

१९१०ची निवडणूक अध्यक्षांची नव्हती, अधलीमधली होती. फक्त खासदार निवडायचे होते. अध्यक्षांच्या खुर्चीला धक्का लागणार नव्हता. लागणार होता तो इंडियानातल्या एका गावचा पोस्टमास्तर लेम्युएल पिंकर्ड याच्या स्टुलाला. ही पोस्टमास्तरकी त्याला खासदार व्हिटलॉकसाहेबांच्या शिफारशीने मिळालेली. साहेबांनी बजावलं होतं, "तुझं गाव हातचं गेलं, तर तिकिटं चाटायला दुसरा माणूस बघीन."

मांस महागलेलं, लोक चिडलेले. लेम्युएलची सगळी भिस्त यादवी युद्ध लढलेल्या चौदा म्हाताऱ्यांवर होती. त्यांच्या पेन्शनचे कागद तोच भरून देई. एकेकाच्या घरी जाऊन त्याने पढवलं, "मतपत्रिकेवर गरुडाखालच्या गोलात निळी फुली मारायची. गरुड आपल्या साहेबांचा, कोंबडा विरोधकांचा. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

मतदानाला चौदाही जण छातीवर पदकं लावून हजर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल कळला. गावात कोंबडा नऊ मतांनी पुढे. बाद मतं चौदा.

तेवढ्यात त्या चौदांचा म्होरक्या एझ्रा टकर टपाल न्यायला आला.

"एझ्राकाका, काय करून ठेवलंत?"

"तू सांगितलंस तेच. गोलात फुली, खाली सही."

"सही? अहो, नाव दिसलं की मत बाद! सही करा असं कुणी सांगितलं?"

"तूच की! पेन्शनचा बिनसहीचा कागद वॉशिंग्टनवाले परत धाडतात म्हणून दर वेळी आमच्यावर खेकसतोस. म्हटलं, लेमचं काम आहे, कच्चं राहायला नको. रूफसला सही येत नाही, त्याने पलटणीचा नंबर घातला."

लेम्युएलने त्याचं टपाल पुढे सरकवलं.

व्हिटलॉकसाहेब सगळ्या मतदारसंघातही आपटले. लेम्युएलला वाटलं, स्वतःच घरी बसलेला माणूस आपल्याला कसला घरी बसवतोय? पण मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, साहेबांची खासदारकी शाबूत होती. जाता जाता त्यांनी अध्यक्षांकडे शब्द टाकला. मार्चमध्ये नवे पोस्टमास्तर रुजू झाले. ते स्वतः व्हिटलॉकसाहेबच होते.

"मनाला लावून घेऊ नकोस," स्टुलावर ऐसपैस बसत ते म्हणाले. "पडलेल्या माणसाची सोय कुणीतरी बघायला नको का?"

"हो साहेब," लेम्युएल म्हणाला, आणि खुंटीवरचा आपला कोट काढून त्याने साहेबांच्या कोटाला जागा करून दिली.