लाभाचा खण

रिठदला घरी बसून मी हार्डडिस्कच्या पेट्यांच्या माहितीपुस्तिकांतल्या चुका दुरुस्त करते. मालेगावात भागवतमामांचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांच्या पेटीनं दोन नंबरची डिस्क खराब असल्याचं दाखवलं. मामांनी ती काढली आणि लग्नांचे सगळे फोटो दिसेनासे झाले.

मी तिथं गेले. मामांनी डिस्कच्या खणांवर धान्य मोजतात तसं, एकाच्या जागी लाभ, लिहिलं होतं: लाभ, दोन, तीन, चार. पुस्तिकाही एकपासूनच मोजत होती. यंत्र मात्र शून्यापासून मोजत होतं, म्हणजे खराब डिस्क तिसऱ्या खणात होती आणि मामांनी काढलेली चांगली होती. एक डिस्क गेली तर पेटी चालते, दोन गेल्या की नाही. चांगली परत बसवली, खराब बदलली. फोटो आले.

तिथूनच चूक कंपनीला कळवली. उत्तर आलं, ‘शून्यापासून मोजतात हे सगळ्यांना माहीत असतं.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांचे ‘सगळे’ मालेगावला कधी आले नसावेत.

“मामा, पयल्यावर शून्य लिवा.”

“धंद्याच्या पेटीवर शून्य कोनी लिवते का, पोरी?”

मामांनी दोनचा एक केला, तीनचा दोन, चारचा तीन. लाभ तसाच राहू दिला.

मी कंपनीला पुन्हा लिहिलं, ‘पहिल्या खणाला काहीही म्हणा. दुसऱ्याचा नंबर एक आहे, एवढं छापा.’