सतरा वेळा ‘बरं’

कालच्या बैठकीच्या नोंदीचा कागद हातात पडला तेव्हा भाचीनं आधी मोजलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. मोजल्याशिवाय घाबरायचं नाही, ही तिची सवय. कलमं सतरा होती आणि सतराही कलमांपुढे एकच शब्द छापला होता : संमत.

आता घाबरायला हरकत नव्हती.

डोंगरातल्या झऱ्यांसाठी सात देशांनी मिळून करार करायचं ठरवलं होतं. डोंगरावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय एकही कलम मंजूर करायचं नाही, हा नियमही त्यांनीच घातला होता. डोंगराच्या वतीनं आत्या आली होती. डोंगरातली बोली आणि बैठकीची भाषा, दोन्ही येणारं माणूस शोधता शोधता सगळ्यांच्या हाताला लागली ती भाची. काल दिवसभर ती काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसली होती. चिटणीस कलम वाचायचे, ती ते बोलीत आत्याच्या कानात सांगायची आणि आत्या मान हलवून म्हणायची, “बरं.”

पहिल्या तीन-चार वेळा आपण माइकवर “त्यांनी ऐकलं” असं सांगितलं, हे भाचीला पक्कं आठवत होतं. मग चिटणीस म्हणाले होते, “बाई, थोडक्यात आटपा हो, जेवणं थंड होतायत.” त्यानंतर ती “ठीक आहे” म्हणू लागली. की “हो”? काही केल्या आठवेना. प्रयोगशाळेत तिनं बाटलीवर चिठ्ठी न लावता नमुना कधी पुढे पाठवला नव्हता.

सह्यांना अजून वीस मिनिटं होती. आत्या बाहेर चहाच्या टेबलापाशी बिस्कीट बुडवत बसली होती.

“आत्या, काल तू बरं बरं म्हणत होतीस, ते हो होतं का?”

“बरं म्हणजे बरं.”

“म्हणजे हो की नाही?”

“एवढी शिकलीस आणि हे विचारतेस? तुझे आतोबा चाळीस वर्षं मला बरं म्हणतायत. छप्पर अजून गळतंय.”

भाचीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. “अगं, पण इथं त्यांनी हो लिहिलंय. सतरा वेळा.”

बिस्कीट तुटून चहात पडलं. आत्यानं ते काढलं नाही. “एकटीनं हो म्हणायला पाणी काय मी माहेराहून आणलंय? घरी जाऊन सांगेन. लोक भांडतील. मग पुन्हा विचारायला या म्हणावं.”

भाचीनं तिला कागद समजावला. नवव्या कलमानं झऱ्याच्या डोक्यावरची दगडखाण थांबणार होती. बाराव्यानं झऱ्याला कुंपण पडणार होतं आणि तीस वर्षं किल्ली समितीकडे राहणार होती.

“नववं ठेव, बारावं काढ.”

“तसं निवडून घेता येत नाही. आणि आज सही झाली नाही तर पुढची बैठक वर्षानं. तोवर खाण आली तर?”

आत्यानं कप खाली ठेवला. “तुला काय वाटतं?”

“मला काही कळत नाही गं.”

“मलाही नाही. पण मला कळत नाही, हे तरी माझ्या तोंडून जायला हवं होतं. तू हो पाठवलंस.”

आत्या हे रागानं बोलली नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

घंटा झाली. आत्या सभागृहात आपल्या जागेवर जाऊन बसली, भाची काचेच्या खोलीत गेली. समोर अध्यक्षबाई पेनाचं टोपण काढत होत्या. चूक सांगितली तर कदाचित झरा जाईल, नाही सांगितली तर झऱ्याची किल्ली जाईल. दोन्ही बाजूंना पाणीच होतं, आणि ते कुठल्या परीक्षानळीत घालून बघता येत नव्हतं. तिनं बटण दाबलं.

“कालच्या नोंदीत चूक आहे. चूक माझी आहे. माझ्या आत्यानं ऐकलं होतं, होकार दिला नव्हता.”

चिटणिसांनी कपाळाला हात लावला. “मग सतरा वेळा मान कशाला हलवली?”

“तुमचं बोलणं ऐकू येतंय, हे कळावं म्हणून.”

अध्यक्षबाईंनी टोपण परत लावलं. कुजबुज झाली, कागद चाळले गेले. शेवटी त्या आत्याकडे वळून म्हणाल्या, “आम्ही डोंगरावर येऊन सगळ्यांना पुन्हा विचारू. पण तोवर खाण थांबेल, असं वचन मला देता येणार नाही. चालेल?”

भाचीनं शब्दन् शब्द बोलीत सांगितला. खाणीचं वाक्य तर दोनदा सांगितलं.

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मान हलवली.

“बरं.”

साती देशांची डोकी काचेकडे वळली. भाचीनं आत्याचा चेहरा नीट वाचून पाहिला. त्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

“काय म्हणाल्या त्या?” चिटणिसांनी विचारलं.

“बरं म्हणाल्या.”

“त्याचा अर्थ काय लिहू?”

“अर्थ नका लिहू,” भाची म्हणाली. “शब्दच लिहा. अक्षरं मी सांगते.”