बदामगोळीचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी ठसा आहे, जेमतेम तुमच्या अंगठ्याएवढा. माझ्या टोकाला पत्त्यांतल्यासारखा बदाम कोरलेला आहे. औषधाच्या कारखान्यात यंत्र मला भुकटीवर दाबायचे आणि गुलाबी बदामगोळी तयार व्हायची. टक्, टक्, टक्!

ती तरतरी आणणारी गोळी होती. हे औषध आधी चोंदलेल्या नाकासाठी निघाले. मग लोकांच्या लक्षात आले, की याने झोप उडते आणि भूकही मरते. झाले! दमलेल्यांना गोळी, जाड्यांना गोळी, परीक्षेला बसणाऱ्यांना गोळी. डॉक्टरांची चिठ्ठीबिठ्ठी तेव्हा कोणी मागत नसे. बदामाचा आकार आणि गुलाबी रंग प्रयोगशाळेतल्या बाईंनी निवडला होता. "किती गोड दिसते!" असे जो तो म्हणे आणि मी फुगून जाई. कोणाची झोप पार उडे, कोणाच्या छातीत धडधडे, पण अशी तक्रार आली, की मालक म्हणत, "त्यांना चहा कमी प्या म्हणावं."

एकदा कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावले होते. बाई पाहुण्यांना माहिती सांगण्यात गुंतल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या लहानग्या लेकीने, भिंगरीने, गोळ्यांच्या ट्रेमध्ये हात घातला. मला सारे दिसत होते, पण ठशाला ओरडता कुठे येते!

बोलता बोलता बाईंची नजर त्या घट्ट मुठीवर गेली.

"भिंगरे, मूठ उघड."

"माझा खाऊ आहे!"

मालक ओरडले, तशी मूठ तोंडाकडे निघाली. बाईंनी त्यांना हातानेच गप्प केले, खाली बसकण मारली आणि रडवेला चेहरा केला. "आईला नाही देणार? एकटीच खाणार, चिकटे?"

"घे बाई, घे! रडू नकोस." भिंगरीने सगळ्या गोळ्या आईच्या हातावर ओतल्या. "एक चाटली मी. कडू आहे. शी!"

कारखान्याच्या डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवले. ती बाकावरून उड्या मारत होती. पण त्या ती रोजच मारायची, त्यामुळे औषधाने की सवयीने, हे कळायला मार्ग नव्हता!

दुसऱ्या दिवशी बाई मालकांना म्हणाल्या, "खाऊसारखी मीच केली, आता औषधासारखीही मीच करते." गोळी पांढरी, सपाट झाली, बाटलीला मुलांना उघडता येणार नाही असे झाकण आले. पुढे कायदाही आला आणि चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली. मी रुसून खणात पडून राहिलो. माझ्या जागी आलेल्या त्या सपाट ठशाचा मला भारी राग यायचा. आता येत नाही.

कारण भिंगरी आता मुलांची डॉक्टर आहे. काही मुलांचे लक्ष कितीही प्रयत्न केला तरी एका जागी ठरत नाही. त्यांतल्या काहींना ती नीट तपासून याच जातीचे औषध बेताने देते. बाईंनी मला खणातून काढून तिला दिले, तेव्हापासून मी तिच्या टेबलावर असतो. मुले मला रंगीत मातीत दाबून बदाम काढतात.

मित्रांनो, तुम्हीही या, हवे तेवढे बदाम काढा. घरातल्या गोळ्या मात्र मोठ्यांना कुलपात ठेवायला सांगा आणि गोड दिसणारे काहीही आधी विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. कालच एका चिमुरडीने गुलाबी मातीचा बदाम डॉक्टरांपुढे धरला. "खाऊ घ्या!"

"थांब हं, आधी आईला विचारते," म्हणत भिंगरी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. तिथे म्हाताऱ्या बाई विणत बसल्या होत्या.

"नको गं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "कडू असतो."