भरायला वेळ लागणारी गाडी

आमची डिझेल गाडी म्हातारी झाली, तशी नवी कोणती घ्यायची या विषयाने माझ्या अंगात संचार केला. मी बुलढाण्यात भौतिकशास्त्र शिकवतो. साधी गोष्ट अवघड करून सांगायचा मला पगारच मिळतो. इलेक्ट्रिक म्हणजे नुसती बॅटरी, घरी प्लग लावून चार्ज करायची. हायब्रिड म्हणजे पेट्रोलची, पण चालता चालता स्वतःची बॅटरी स्वतःच भरणारी. प्लग-इन हायब्रिड म्हणजे दोन्ही, प्लगही आणि पेट्रोलही, आणि म्हणून महाग. महिनाभर मी हे जेवताना, झोपताना, भाजी निवडताना सांगत होतो. सुचिता, माझी बायको, ऐकत होती. एवढ्या सगळ्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"आवाज कोनाचा जास्त येते?"

आता कोणी गाडीचा आवाज बघून गाडी घेतं का? मी वैतागलो. मग ती म्हणाली, "बाबाले ऐकू कशी येईन?"

तिचे बाबा, रामराव, साखरखेर्ड्याला राहतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही येणार म्हटलं की ते टोपी घालून ओट्यावर बसतात. मारुतीच्या पाराजवळ आमच्या डिझेलची घरघर आली की उठतात, भिंतीला हात लावत फाटकापर्यंत जातात आणि दोन्ही दारं उघडून बाजूला उभे राहतात. माझा मेहुणा दीपक घरात असला तरी त्याला उठू देत नाहीत. लेकीसाठी फाटक त्यांनीच उघडायचं. नजर गेल्यापासून बाकी सगळी कामं त्यांच्या हातून सुटली, हे तेवढं राहिलं आहे.

"हॉर्न वाजवू की," मी म्हणालो.

"आपल्या दारात?" तिने असं पाहिलं की मी चपला घालून बाहेरच जावं. रामरावांच्या घरी हा नियम आहे. हॉर्न वाजवतो तो परका, घरचा माणूस दारात हॉर्न वाजवत नाही.

"मग हायब्रिड घेऊ. तिला इंजिन असतं."

"गावात शिरतानी चालू असते का ते?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण सवय वाईट. हळू चालवताना हायब्रिडसुद्धा बऱ्याचदा बॅटरीवरच जाते, आणि प्लग-इनही.

"म्हंजे तिन्ही मुक्याच," ती म्हणाली आणि उठून गेली.

माझ्या कॉलेजातल्या प्रेमानंदकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. एका रविवारी ती मागून घेतली आणि साखरखेर्ड्याला निघालो. म्हटलं, टायरचा आवाज होईल, रामरावांचे कान तयार होतील, उगाच आधीपासून रडायला नको. दीपक शेतात होता. गावातला रस्ता नवा सिमेंटचा. पारावरून वळलो तेव्हा खाली बसलेल्या कुत्र्यानेही मान वर केली नाही.

फाटक बंद होतं. रामराव ओट्यावर टोपी घालून बसले होते, तोंड रस्त्याकडे, मान किंचित तिरपी. ते लांबचं ऐकत होते, आणि आम्ही त्यांच्यापासून दहा पावलांवर उभे होतो. सुचिता खाली उतरली. तिने फाटकाला हात लावला आणि बिजागरी करकरली.

"कोन हाये?" रामरावांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी तिला जन्मात कधी विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

"मी हाये, बाबा."

ते गडबडून उठले. "आलीस बी? मले समजलंच नाही गं," असं म्हणताना त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. ते फाटकापाशी आले, उघडं दार चाचपलं आणि उगाच आणखी थोडं मागे ढकललं.

चहा झाल्यावर ते गाडीभोवती हात फिरवत एक चक्कर मारून आले. बैल विकत घेताना पाठीवरून फिरवतात तसा हात. मग माझ्याजवळ बसले.

"पाहुणे, ते तीन प्रकार कोन्ते म्हनते सुचिता?"

मला तेवढंच पाहिजे होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी न टोकता ऐकलं. शेवटी म्हणाले, "भरायले किती येळ लागते?"

"हायब्रिडला काहीच नाही मामाजी. पंपावर पेट्रोल टाकलं की झालं. प्लग-इनला काही तास. ही इलेक्ट्रिक घरच्या प्लगवर रात्रभर घेते."

"रातभर."

"हो. तोच तिचा तोटा."

रामराव टोपीची घडी नीट करत राहिले. आम्ही नेहमी सकाळी यायचो आणि दुपारी ऊन उतरायच्या आत निघायचो. त्यांनी कधी, राहा गं आजचा दिवस, असं म्हटलं नाही. लेक दिली की तिला थांब म्हणू नये, तिच्या संसाराची वाट अडते, असं ते मानतात. मागच्या दिवाळीलाही म्हटलं नव्हतं.

"अन् बुलढान्याहून इथं येऊन तशीच वापस जाता येते का हे?" त्यांनी विचारलं. "का इथं भराच लागते?"

साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर. ही गाडी दोनदा येऊन जाईल. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुचिताने माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोर देऊन.

"नाही बाबा," ती म्हणाली. "इथं भराच लागते. त्याबिगर पोचत नाही."

"हो का, पाहुणे?"

वीस वर्षं मी पोरांना खरं उत्तर लिहायला शिकवतो आहे. "हो मामाजी," मी म्हणालो. "मोठी अडचण आहे."

"मंग हेच घ्या," रामराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते सांगायला मला शब्द सापडत नाही. बरं वाटलं एवढंच सांगतो.

"अन् फाटक, बाबा?"

"तू येनार त्या दिवशी सकायपासून उघडंच ठेवीन. मुक्कामाच्या मानसाले फाटक कोन लावते?"

आम्ही इलेक्ट्रिक घेतली. दीपकने ओट्याजवळ जाड वायरचा वेगळा प्लग बसवून घेतला. आम्ही पोचलो की रामराव केबल मागतात, गाडीच्या अंगावर हात सरकवत झाकण शोधतात आणि स्वतः जोडतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

परवा आम्ही असेच मुक्कामाला होतो. सकाळी मी पिशव्या ठेवायला गाडीत डोकावलो. पडद्यावर शंभर टक्के दिसत होते. मागून रामराव आले, एक हात केबलवर ठेवून उभे राहिले.

"सुचिता, भरली का गं?"

ती माझ्या शेजारीच होती. तिने पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"थोडी राह्यली, बाबा. जेवन करून जाऊ."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि ओट्यावर जाऊन बसलो.