मिसेस ई. हॅल्वर्सन

नेटीने बोटाला थुंकी लावून पान उलटलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वर्षांच्या यादीवरून नख फिरवत ती खाली आली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्टपाशी नख थांबलं. ‘नेटी हॅल्वर्सन, डनव्हिक.’

तिने ते दोनदा वाचलं. मग आपल्याकडे कोणी बघत नाही याची खात्री करून त्या ओळीवरून अंगठा फिरवला. एक्क्याऐंशीव्या वर्षी स्वतःचं नाव छापलेलं बघून काय मिळणार होतं कोण जाणे, पण तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

ती क्लबच्या वरच्या हॉलमध्ये बसली होती. समोरच्या मोठ्या काचेतून खाली बर्फ दिसत होता आणि त्यावर अंतिम सामना चालला होता. पुढच्या वर्षी तो नसणार होता. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत नेमक्या जागी नेण्याचा खेळ; त्याचं विभागीय महिला अजिंक्यपद सदुसष्ट वर्षं चाललं आणि या शनिवारी संपत होतं. एके काळी चोवीस संघ यायचे, तेव्हा बायका शाळेच्या व्यायामशाळेत गाद्या टाकून झोपायच्या. यंदा तीन संघ आले, आणि त्यातल्या एकाला चौथी बाईच मिळेना म्हणून तिघीच खेळल्या. बर्फ गोठवायचं यंत्र विकायला काढलं होतं, पण ते घ्यायलाही कोणी पुढे आलं नव्हतं. मग क्लबच्या चिटणीस कोरिनबाईंनी निदान इतिहास तरी लिहून ठेवावा म्हणून हे पुस्तक काढलं. चाळीस पानं, निळं कव्हर, दोनशे प्रती.

नेटी पुस्तक मिटणार तेवढ्यात तिची नजर वर गेली. सत्तावन्न साल. ‘नेटी हॅल्वर्सन, डनव्हिक.’

आपलं काही चुकतंय असं वाटून तिने चष्मा पुसला. नाव तेच होतं.

भिंतीवरच्या लाकडी ढालीवर दोन्ही पट्ट्या एकसारख्याच होत्या. सत्तावन्न, मिसेस ई. हॅल्वर्सन. चौसष्ट, मिसेस ई. हॅल्वर्सन. त्या काळी बाईचं नाव असंच लिहीत. नवऱ्याचं आद्याक्षर, नवऱ्याचं आडनाव, पुढे मिसेस लावलं की बाई पूर्ण झाली. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, नेटीलाही वाटलं नव्हतं. पण त्या इंग्रजी ‘ई’च्या, म्हणजे आयनर हॅल्वर्सनच्या, मिसेस दोन झाल्या, आणि त्याची सोय ढालीवर नव्हती.

पहिली सोल्वेग. सत्तावन्न साली ती जिंकली, एकोणसाठ साली गेली. तिच्या मागे तीन वर्षांची मार्लिस राहिली. एकसष्ट साली नेटी त्या घरात आली आणि चौसष्ट साली तिने ढाल जिंकली. गावाला मात्र हा हिशेब कधी जमला नाही. हॅल्वर्सनची बायको म्हणजे सोल्वेग, उंच, सोनेरी केसांची, चर्चमध्ये पहिल्या ओळीत गाणारी. नेटी म्हणजे ती दुसरी, कोझाकांची, युक्रेनियन. स्पर्धेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा असंच एक पुस्तक निघालं होतं. त्यात छापलं, ‘सोल्वेग हॅल्वर्सन, १९५७ आणि १९६४’. मेल्यावर पाच वर्षांनी बाई ढाल जिंकून गेली, आणि गावात एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही.

“जाऊ दे गं,” आयनर तेव्हा म्हणाला होता, “हॅल्वर्सनच लिहिलंय ना?”

नाव विचारायला त्या पुस्तकाच्या समितीचा फोन आयनरलाच आला होता. त्याने कोणतं नाव सांगितलं, हे नेटीने त्याला कधीच विचारलं नाही. ती मूग गिळून बसली ती एक्केचाळीस वर्षं. या जानेवारीत मात्र तिने टोपी घातली, कोट चढवला आणि कोरिनचं दार वाजवलं. चौसष्टची ढाल माझी आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. एक ओळ. यापेक्षा जास्त तिने मागितलं नव्हतं.

खाली गलका थांबला. नेटीने काचेतून पाहिलं. दगड सरकत होता आणि पुढे ब्रश घासणारी मुलगी एकदम हात वर करून उभी राहिली होती. तिचा ब्रश दगडाला लागला होता. कोणी पाहिलं नव्हतं, समोरच्या संघालाही कळलं नव्हतं. पण या खेळात स्वतःची चूक स्वतःच सांगायची असते, आणि तिने सांगितली. दगड बाजूला काढला. त्या एका दगडापायी त्यांचा सामना गेला. दोन डावांनंतर त्या मुलींनी हात मिळवून हार मानली.

नेटी पुस्तक घेऊन उठली. कोरिन स्वयंपाकघराच्या दाराशी कॉफीचं मोठं भांडं टेबलावर चढवत होती.

“कोरिन, यात एक चूक झाली आहे.”

“आता चूक सांगू नका हं नेटी, पाया पडते. दोनशे प्रती छापून झाल्यात.”

“सत्तावन्न साल माझं नाही. ते सोल्वेगचं.”

“हेच तर मी दुरुस्त केलं ना! जुन्या पुस्तकात सगळीकडे सोल्वेग होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून सगळीकडे नेटी केलं.”

“मी चौसष्टचं सांगितलं होतं. सत्तावन्नमध्ये माझं आडनाव कोझाक होतं. कालिना गावच्या संघातून खेळले आणि अंतिम सामन्यात हरले. सोल्वेगनेच हरवलं मला.”

कोरिनने भांडं ठेवलं आणि हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे नेटी अलीकडे दवाखान्यातल्या नर्सच्या आणि बँकेतल्या मुलीच्या तोंडावर पाहत असे.

“मी मार्लिसला फोन करून विचारलं होतं, नेटी. म्हटलं, दोन्ही वर्षं तुझ्या आईचीच ना? ती म्हणाली, हो, आईचीच. घरच्या माणसाने सांगितल्यावर मी आणखी कोणाला विचारायचं? त्या संघांतलं तुमच्याशिवाय कोण उरलंय?”

ते खरंच होतं. त्या सामन्यातल्या आठजणींपैकी सातजणी गेल्या होत्या.

मार्लिस आत बेरी भरलेला केक कापत होती, जांभळा रस सुरीवरून ओघळत होता. त्रेसष्ट वर्षांची बाई, निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखत असूनही सकाळपासून उभी. नेटी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“कोरिनला तू सांगितलंस?”

“सांगितलं.” मार्लिसने वर पाहिलं नाही.

“तुला ठाऊक होतं की ते माझं नाही.”

“आई, जन्मभर तुला तिच्या नावाने टोमणे ऐकावे लागले. सोल्वेगची भाकरी अशी व्हायची, सोल्वेगचा आवाज असा होता. म्हटलं, एकदाचं सगळं तुझं होऊ दे. बस्स.”

“मला सगळं नको होतं.”

“मग काय हवं होतं?” सुरी थांबली. “आणि मी तिचं नाव सांगायचं म्हणजे कोणाचं सांगायचं? मला ती आठवत नाही. मी काचेला नाक लावून आईला खेळताना बघायचे, ती तू होतीस. तिचे फोटो माळ्यावर गेले ते वर तसेच राहिले. आपल्या घरात तिचं नाव कधी निघालं, सांग? बाबा काढायला गेले की तू भांडी आपटायचीस. घरात नव्हतं, आता पुस्तकातही नाही. काय बिघडलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नेटीला बरं वाटलं असतं. खोटं काहीच नव्हतं त्यात. भांडी आपटलेली तिला आठवत होती, कोणती तेसुद्धा.

ती सांगणार होती. सत्तावन्नचा तो सामना, आणि नंतरचं. या खेळात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना आधी कॉफी पाजायची आणि त्यांच्याच टेबलावर बसायचं, अशी रीत आहे. त्या दिवशी सोल्वेग वर्षाची पोर काखेला मारून टेबलाशी आली होती. एकोणीस वर्षांची नेटी रडून डोळे लाल करून बसली होती. “हिला जरा धर गं,” सोल्वेग म्हणाली, “माझे हात अजून गारठलेत.” आणि मार्लिसला तिच्या मांडीवर ठेवून दिलं. मग कॉफी आणली, आणि शेवटचा दगड टाकताना आपले पाय कसे लटपटत होते याची नक्कल करून नेटीला हसवलं. एवढी चांगली बाई. तिच्या घरात आल्यावर नेटीने तिचं नावही घरात राहू दिलं नाही, आणि हे ती तिच्याच लेकीला अठ्ठावन्न वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

“मार्लिस, तुला एक सांगायचंय.”

“बन गरम करायला घाला रे कोणीतरी!” बाहेरून हाक आली आणि मार्लिस ताट उचलून गेली.

जेवणाला साठेक माणसं असतील. भाजलेलं बीफ, बटाट्याचा लगदा, त्यावर ग्रेव्ही. कोरिन माईकपाशी उभी राहून एकेका विजेतीचं नाव वाचत होती. बहुतेक जणी आता हयात नव्हत्या; नावानंतर कोणीतरी खाली बघे, आणि ती पुढचं नाव घेई.

“आणि या यादीतल्या एक विजेत्या आज आपल्यात आहेत,” कोरिन म्हणाली. “एकदा नाही, दोनदा जिंकलेल्या. नेटी हॅल्वर्सन!”

खुर्च्या सरकल्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. याच गावाने तिला जन्मभर दुसरी म्हटलं होतं. टाळ्यांचा आवाज कानांत भरला तेव्हा नेटीला वाटलं, बसून राहावं, हसावं, घेऊन टाकावं. कोणाचं काय जाणार होतं? सोल्वेग काही उठून विचारणार नव्हती. मग तिने टेबलाच्या कडेला हात टेकले आणि ती उभी राहिली.

“सत्तावन्नची ढाल माझी नाही,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिने पुन्हा म्हटलं. “ती सोल्वेगची. सोल्वेग हॅल्वर्सनची. तिने शेवटचा दगड दोन दगडांच्या फटीतून नेला. एवढीशी फट होती. मी समोर उभी होते.”

तिने दोन बोटांनी फट दाखवली.

पुढच्या टेबलावरच्या मुली, ज्यांच्यातल्या एकीने आज हात वर करून स्वतःची चूक सांगितली होती, एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हातारा शेजारच्याला हळूच म्हणाला, “सोल्वेग कोण रे?” शेजाऱ्याने खांदे उडवले.

कोरिनने लोकांच्या डोक्यांवरून मार्लिसकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आता ही एक बाई बोलली असती तर पुरे होतं.

मार्लिस उठली. नेटीच्या मागे येऊन तिने तिचे दोन्ही खांदे धरले.

“आई थकली आहे,” ती हसत सगळ्यांना म्हणाली. “सकाळपासून इथेच आहे ना.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा टाळ्या झाल्या, मघापेक्षा जोरात, मायेने, आणि कोणीतरी “किती विनयशील!” असं म्हणालं. कोरिनने अठ्ठावन्नचं नाव घेतलं.

नेटी खाली बसली. मार्लिस तिच्या शेजारी बसली आणि वाकून कुजबुजली, “कशाला बोललीस गं? मी केलं होतं ना तुझ्यासाठी.”

“तिने तुला माझ्या मांडीवर ठेवलं होतं,” नेटी म्हणाली. “त्या दिवशी, इथेच. वर्षाची होतीस. तिचे हात गारठले होते.”

मार्लिसने तिच्याकडे पाहिलं. नेटीच्या ओठांच्या कोपऱ्याला ग्रेव्ही लागली होती, ती तिने नॅपकिनने पुसली. कोणते हात, कशी होती, काय म्हणाली, असं काहीतरी ती विचारेल म्हणून नेटी थांबून राहिली. विचारलं असतं तर नेटीने सगळं सांगितलं असतं, आवाज कसा होता तेसुद्धा.

“हो आई, हो,” मार्लिस म्हणाली. तिने नेटीची प्लेट स्वतःपुढे ओढली आणि मांसाचे लहान लहान तुकडे करू लागली, चावायला सोपे जातील असे. नेटीने तिला थांबवलं नाही. तुकडे करून झाल्यावर प्लेट पुन्हा तिच्यापुढे आली आणि ती खाऊ लागली.